ट्रेलर ओढणाऱ्याने ब्रेकविषयी काय जाणावे

उत्तर अमेरिकेत उन्हाळा लागला की पिकअप ट्रकमागे ट्रेलर जोडून कुटुंबेच्या कुटुंबे राष्ट्रीय उद्यानांकडे निघतात. तिथे स्थायिक झालेली मराठी कुटुंबेही आता त्यांत दिसतात. यांतल्या अनेकांच्या डोळ्यांपुढे गावाकडची उसाची वाहतूक असते. एका ट्रॅक्टरमागे दोन भरलेल्या ट्रॉल्या, आणि त्या ट्रॉल्यांना बहुधा स्वतःचे ब्रेकच नाहीत. ओढणाऱ्यानेच थांबवायचे, ही समजूत तिथून पक्की होते. ट्रॅक्टरच्या वेगातही ती धोक्याचीच असते. ताशी ६० मैलांच्या महामार्गावर ती जिवावर बेतते. ट्रेलरचे ब्रेक चालवणारा ब्रेक कंट्रोलर निवडण्याआधी नेहमीचे काही गैरसमज दूर व्हायला हवेत.

गैरसमज : ट्रक दणकट असेल तर ट्रेलरला वेगळे ब्रेक कशाला?

वस्तुस्थिती : ट्रक ६,००० पौंडांचा आणि ट्रेलरही तेवढाच असेल, तर थांबताना जिरवावी लागणारी ऊर्जा दुप्पट होते. हा सगळा भार ट्रकच्या ब्रेकवर टाकला तर लांब घाटउतारावर ते तापतात आणि त्यांची पकड सुटत जाते. शिवाय ब्रेक नसलेला ट्रेलर ट्रकला मागून ढकलत राहतो, आणि वळणावर तो ढकलू लागला की ट्रकचा मागचा भाग बाजूला फेकला जातो. म्हणूनच ठरावीक वजनापुढच्या ट्रेलरला ब्रेक कायद्यानेच सक्तीचे आहेत. अमेरिकेतल्या अनेक राज्यांत ही मर्यादा ३,००० पौंड आहे, तर टेक्सासमध्ये ४,५०० पौंड. ट्रकच्या पुस्तिकेतली मर्यादा याहून कमी असू शकते. दोन्हींपैकी जी कमी असेल, ती पाळावी.

गैरसमज : टोइंग पॅकेज घेतले म्हणजे कंट्रोलर आलाच.

वस्तुस्थिती : टोइंग पॅकेजमध्ये हिच (ट्रेलर अडकवायची जोडणी), ट्रेलरच्या दिव्यांचे वायरिंग आणि बऱ्याचदा सात पिनांचे सॉकेट मिळते. कंट्रोलर मात्र अनेकदा वेगळा घ्यावा लागतो. फोर्डने २००५च्या सुपर ड्यूटी ट्रकमध्ये तो कारखान्यातच बसवून द्यायला सुरुवात केली आणि पुढे इतर कंपन्यांनीही ती सोय आणली, पण आजही ती प्रत्येक मॉडेलमध्ये नसते. डॅशबोर्डवर ट्रेलर ब्रेकची चिमटीत दाबायची कळ आणि अधिक-उणेची बटणे आहेत का, ते आधी पाहा. नसतील, तर स्टिअरिंगखाली कंट्रोलर जोडण्याचा प्लग आहे का, ते पुस्तिकेत शोधा. प्लग असेल तर त्या मॉडेलसाठीची तयार वायर आणून काम थोडक्यात होते. सात पिनांच्या सॉकेटातच बसणारे आणि फोनवरून चालणारे ब्लूटूथ कंट्रोलरही मिळतात. चार पिनांच्या सॉकेटातून मात्र फक्त दिवे चालतात, कारण विद्युत ब्रेकची तार त्यात नसतेच.

गैरसमज : ब्रेक असलेल्या प्रत्येक ट्रेलरला कंट्रोलर लागतो.

वस्तुस्थिती : हे ब्रेकच्या जातीवर ठरते. विद्युत ब्रेकमध्ये चाकाच्या ड्रममध्ये एक विद्युतचुंबक असतो. करंट मिळाला की तो फिरत्या ड्रमला चिकटतो, त्याच्याबरोबर ओढला जातो आणि तरफेच्या साह्याने ब्रेक शू ड्रमवर दाबतो. जितका करंट, तितका जोर. हा करंट मोजून देण्याचे काम कंट्रोलरचे. बहुतेक कॅम्पिंग ट्रेलरांना हेच ब्रेक असतात. बोटीच्या ट्रेलरची चाके पाण्यात उतरतात, म्हणून तिथे बहुधा सर्ज ब्रेक असतात. ट्रक मंदावला की ट्रेलर पुढे सरकतो आणि त्याच दाबाने जोडणीतला हायड्रॉलिक सिलिंडर ब्रेक लावतो. त्याला कंट्रोलर लागत नाही. तिसरी जात विजेवर चालणाऱ्या हायड्रॉलिक ब्रेकची. तिला कंट्रोलर लागतो, पण या प्रकाराला चालेल असे त्याच्या माहितीपत्रकात लिहिलेले हवे. प्रत्येक कंट्रोलर तिथे चालत नाही.

गैरसमज : सगळे कंट्रोलर सारखेच, मग स्वस्तातला घ्यावा.

वस्तुस्थिती : कंट्रोलर मुख्यतः दोन प्रकारचे. टाइम-डिलेड कंट्रोलर पेडल दाबताच ठरलेल्या गतीने करंट वाढवत ठरलेल्या मर्यादेपर्यंत नेतो. तुम्ही सिग्नलपाशी हळूच थांबत आहात की समोर अचानक हरीण आले आहे, हे त्याला कळत नाही. त्यामुळे साध्या थांबण्यात ट्रेलर हिसका देतो आणि आणीबाणीत मागे पडतो.

प्रपोर्शनल कंट्रोलरमध्ये ट्रक किती झपाट्याने मंदावतो आहे हे मोजणारा सेन्सर असतो, आणि तेवढ्याच प्रमाणात ट्रेलरला ब्रेक मिळतो. ट्रक आणि ट्रेलर एकाच वेळी, एकाच लयीत थांबतात, आणि दोघांच्या ब्रेकची झीजही वाटली जाते. जुन्या पद्धतीच्या लंबकावर चालणाऱ्या कंट्रोलरला बसवताना पातळी नीट साधावी लागते. नव्यांतल्या अनेकांना ती अट नाही. वर्षातून एकदा जवळच्या तलावापर्यंत हलका ट्रेलर नेणाऱ्याचे टाइम-डिलेडवर भागेल. पण डोंगररस्ते, गर्दीचे महामार्ग आणि मागच्या सीटवर मुले असतील, तर प्रपोर्शनलच घ्या. किमतीतला फरक सहलीच्या एकूण खर्चापुढे फार मोठा नसतो.

गैरसमज : कंट्रोलर एकदा सेट केला की काम झाले.

वस्तुस्थिती : ट्रेलरला जास्तीत जास्त किती जोराने ब्रेक लागावा, हे ‘गेन’ ठरवतो, आणि योग्य गेन वजनाप्रमाणे बदलतो. ४० गॅलनची पाण्याची टाकी भरली तरी ट्रेलरचे वजन ३३० पौंडांहून अधिक वाढते. भरलेल्या ट्रेलरचा गेन रिकाम्याला तसाच ठेवला तर चाके जाम होतात, टायर घासले जातात आणि घसरणारा ट्रेलर बाजूला फिरू शकतो.

गेन ठरवण्याची रीत सोपी आहे. मोकळ्या, सपाट, कोरड्या रस्त्यावर ताशी २० ते २५ मैलांचा वेग धरा. ट्रकच्या पेडलला पाय न लावता कंट्रोलरची हाताची कळ पूर्ण दाबा. ट्रेलरची चाके जाम होण्याच्या बेतात येतील तिथवर गेन वाढवत न्या आणि मग किंचित खाली आणा. ओल्या रस्त्यावर तो आणखी कमी लागतो. गेन शेवटपर्यंत वाढवूनही पकड येत नसेल, तर नवा कंट्रोलर आणण्याआधी तारांचे जोड, ग्राउंड आणि ब्रेक शूंचे अंतर तपासा. आपोआप जुळणी न होणाऱ्या ड्रम ब्रेकची जुळणी साधारण दर ३,००० मैलांनी करावी लागते.

गैरसमज : ट्रेलर डोलू लागला की ट्रकचा ब्रेक जोरात दाबावा.

वस्तुस्थिती : तसे केल्याने डोलणे वाढू शकते. स्टिअरिंग सरळ धरा, ॲक्सिलरेटर सावकाश सोडा आणि कंट्रोलरची हाताची कळ दाबा. फक्त ट्रेलरला ब्रेक लागला की तो मागे ताणला जाऊन सरळ होतो. म्हणून ही कळ न पाहता हाताला सापडेल अशा जागी हवी. डोलण्याचे मूळ मात्र बहुधा सामानाच्या मांडणीत असते. ट्रेलरच्या एकूण वजनाचा १० ते १५ टक्के भाग हिचवर यायला हवा.

गैरसमज : ट्रेलर सुटला तर कंट्रोलर त्याला थांबवील.

वस्तुस्थिती : ट्रेलर सुटला की तारही सुटते, आणि कंट्रोलरचा संबंध संपतो. तेव्हा उपयोगी पडतो तो ट्रेलरवरचा ब्रेकअवे स्विच. ट्रकला बांधलेली त्याची दोरी ताणून पिन निघाली की ट्रेलरचीच बॅटरी ब्रेक लावते. ती बॅटरी उतरलेली असेल तर हा स्विच असून नसल्यासारखाच. निघण्यापूर्वी पिन ओढून चाके अडतात का ते पाहा आणि लगेच पिन पुन्हा बसवा.

दुकानात जाण्याआधी चार गोष्टी कागदावर लिहून घ्या : ट्रेलरच्या ब्रेकची जात, ॲक्सलची संख्या, भरलेल्या ट्रेलरचे वजनकाट्यावरचे वजन आणि ट्रकमध्ये कारखान्यातून काय आले आहे. विद्युत ब्रेकचा प्रत्येक चुंबक साधारण ३ अँपिअर करंट घेतो, म्हणजे दोन ॲक्सलच्या ट्रेलरला सुमारे १२ अँपिअर लागतात. निवडलेला कंट्रोलर तेवढा करंट देऊ शकतो ना, ते त्याच्या माहितीपत्रकात पाहा. पुढच्या गाडीतल्या अनोळखी माणसांचा जीवही आपल्या ब्रेकवर अवलंबून असतो. ट्रेलर जोडताना आपण त्यांचीही जबाबदारी घेतो, आणि ती निभावण्यासाठी दर सहलीआधी गेनची आणि पिनची तपासणी हवीच.