आयडॉल व्हायचंय? अटी लागू!

गाणं थोडं कमी आलं तरी चालेल. बॉयफ्रेंड मात्र अजिबात चालणार नाही! जपानी पॉप आयडॉल्सच्या ‘जॉब प्रोफाइल’वर एक नजर.

‘आयडॉल’ म्हटलं की आपल्याला आठवतो अभिजीत सावंत. २००५ मध्ये त्याच्यासाठी आपण धडाधड एसएमएस पाठवले होते. गळा चांगला, मुलगा जिंकला, हिशोब सोपा. जपानमध्ये मात्र या शब्दाचा अर्थच निराळा आहे. तिथली आयडॉल ग्रेट सिंगर असायलाच हवी असं नाही. मग असायला काय हवं? मी हे शोधायला बसले, तेव्हा वाटलं होतं की एखादी गोड, गुलाबी स्टोरी मिळेल. मिळाली ती चक्क एचआर पॉलिसी!

क्वालिफिकेशन : कच्चेपणा

१९९७ मध्ये ‘आसायान’ या टीव्ही शोच्या ऑडिशनमध्ये पाच मुली हरल्या. प्रोड्युसर त्सुंकूने त्यांना चॅलेंज दिलं, पाच दिवसांत ५० हजार सीडी विकून दाखवा, मग पुढचं बघू. पोरींनी गावोगाव फिरून त्या विकल्या. ‘मॉर्निंग मुसुमे’ हा ग्रुप असा जन्माला आला आणि हरलेल्या पाचजणी विजेतीपेक्षा मोठ्या झाल्या. मुली बदलत गेल्या, ग्रुप मात्र आजही चालू आहे.

मास कॉमला आम्हाला शिकवलं होतं की प्रॉडक्ट फिनिश्ड हवं. इथे फंडा नेमका उलटा आहे. प्रॉडक्ट थोडं अर्धवट हवं, म्हणजे ते पूर्ण करायला गिऱ्हाईक स्वतः धावतं. फॅनला नुसतं गाणं नको असतं. एक साधी मुलगी धडपडत वर येताना बघायची असते आणि ‘हिला मी वर आणलं’ असं म्हणायचं असतं.

प्रोबेशन : रोज भेटा

गीतकार-प्रोड्युसर यासुशी आकिमोतोने हे बरोब्बर ओळखलं. ८ डिसेंबर २००५ ला टोकियोच्या आकिहाबारा भागात त्याच्या ‘एकेबी४८’चा पहिला शो झाला. तिकीट काढून आलेले सामान्य प्रेक्षक होते फक्त सात! पण ‘भेटता येतील अशा आयडॉल्स’ ही आयडिया क्लिक झाली. स्वतःचं छोटं थिएटर आणि तिथे जवळजवळ रोज शो. नव्या मुली आधी ट्रेनी असतात, मग बढती मिळते. मारिको शिनोदा पहिल्या ऑडिशनमध्ये नापास झाली होती. ती त्याच थिएटरच्या कॅफेत वेट्रेस म्हणून लागली, तिथेच फॅन्सची लाडकी झाली आणि जानेवारी २००६ मध्ये ग्रुपमध्ये आली.

खरी कसोटी असते ‘हँडशेक इव्हेंट’ची. सीडी घ्या, आत कूपन, कूपनवर काही सेकंदांची भेट. वेळ संपली की स्टाफ फॅनला पुढे सरकवतो. मुलगी तासन् तास उभी. प्रत्येकाकडे बघून हसायचं, चेहरे लक्षात ठेवायचे, कंटाळा दिसू द्यायचा नाही. मे २०१४ मध्ये इवाते इथल्या अशाच इव्हेंटमध्ये एका माणसाने करवतीने हल्ला केला. दोन मुली आणि एक कर्मचारी जखमी झाले. त्यानंतर सिक्युरिटी वाढली, पण हँडशेक काही बंद झाले नाहीत. ते थांबले थेट २०२०च्या कोरोनात.

अप्रेझल : पब्लिकमध्ये

आपलं अप्रेझल निदान बंद केबिनमध्ये होतं. एकेबीत २००९ ते २०१८ दरवर्षी ‘सार्वत्रिक निवडणूक’ व्हायची आणि निकाल सगळ्यांसमोर लागायचा. पुढच्या गाण्यात कोण दिसणार, मध्यभागी कोण उभी राहणार, हे मतांवर ठरायचं. मतपत्रिका सीडीमध्ये. जितक्या सीडी, तितकी मतं! म्हणून एकेक फॅन पेट्याच्या पेट्या विकत घ्यायचा. २०१० पासून तर एका गाण्याची टीम चक्क दगड-कागद-कात्री खेळून निवडू लागले. म्हणजे टॅलेंट, मेहनत आणि वर नशीबही.

सर्व्हिस रूल्स : प्रेम? सॉरी!

आता येते सगळ्यात कडक अट. प्रेमात पडायचं नाही. बऱ्याच एजन्सीज हे कॉन्ट्रॅक्टमध्येच लिहून घेतात. कारण उघड आहे, फॅनने पैसे मोजलेत ते ‘ती माझी आहे’ या भासासाठी. जानेवारी २०१३ मध्ये मिनामी मिनेगिशी एका तरुणाच्या घरी रात्रभर राहिल्याचं एका साप्ताहिकाने छापलं. तिने स्वतःचं मुंडण केलं आणि व्हिडिओवर रडत माफी मागितली. वय वर्षं वीस. ग्रुपने तिला पुन्हा ट्रेनी केलं. गुन्हा काय, तर बॉयफ्रेंड!

प्रकरणं कोर्टातही गेली. सप्टेंबर २०१५ मध्ये टोकियोच्या जिल्हा न्यायालयाने एका १७ वर्षांच्या आयडॉलला डेटिंगबद्दल साडेसहा लाख येन भरायला लावले. पण जानेवारी २०१६ मध्ये त्याच न्यायालयाने दुसऱ्या एका खटल्यात आयडॉलच्या बाजूने निकाल दिला. प्रेम करणं हा सुखाने जगण्याच्या हक्काचा भाग आहे, असं कोर्टाचं म्हणणं. एकच कोर्ट, चार महिन्यांत दोन टोकं!

एक्झिट : ग्रॅज्युएशन

इथे राजीनामा नसतो, ‘ग्रॅज्युएशन’ असतं. पुष्कळ जणी विशी-पंचविशीतच बाहेर पडतात. काहींनी मात्र सिस्टीमलाच गुंडाळलं. रिनो साशिहाराचं जुनं अफेअर २०१२ मध्ये छापून आलं आणि तिची बदली झाली फुकुओकाच्या ‘एचकेटी४८’मध्ये. पठ्ठी पुढच्याच वर्षी दीड लाखांवर मतं घेऊन निवडणुकीत पहिली! एकूण चार वेळा जिंकली. आता ती स्वतःच आयडॉल ग्रुप्सची प्रोड्युसर आहे. आणि मिनेगिशी? ती २०२१ पर्यंत टिकली. पहिल्या बॅचमधली सगळ्यात शेवटी बाहेर पडणारी तीच.

या मुलींची जिद्द मला मनापासून आवडते. पण आठ तासांची मेहनत विकणं वेगळं आणि आख्खं आयुष्य विकणं वेगळं. २०१७ मध्ये या ग्रुपची मुंबई आवृत्ती काढायची घोषणाही झाली होती, पण ती काही स्टेजपर्यंत पोचली नाही. उद्या कुणी पुन्हा आलंच, तर ऑडिशन बिनधास्त द्या. फक्त रियाजाच्या आधी कॉन्ट्रॅक्टची शेवटची पानं वाचा. बॉस, खरी अट तिथेच छोट्या अक्षरांत असते!