शिक्का एका दिवसाचा
लेखमाला : जमवणारी माणसं (भाग ७)

मागच्या भागात खेळणी जमवणाऱ्यांची गोष्ट अमेरिकेतल्या सॅन डिएगोपाशी थांबली होती. तिथे १९७० पासून कॉमिक-कॉन भरतं, आता सव्वा लाखाहून जास्त माणसं लोटतात आणि खेळण्यांच्या कंपन्या फक्त त्या प्रदर्शनापुरते खास नग बाजारात आणतात. फंको कंपनीने मोठ्या डोक्याच्या बाहुल्यांची आपली 'पॉप' मालिका २०१० मध्ये तिथेच पहिल्यांदा मांडली, तेव्हा निळ्या चकाकीचे बॅटमॅन काढले होते अवघे ४८०. जो तिथे हजर, त्याला मिळाला. बाकीच्यांनी नंतर दलालाकडून कितीतरी पटीने घ्यायचा, नाहीतर कपाटातली एक जागा रिकामी ठेवायची. आता तर गर्दी इतकी वाढली आहे की काही स्टॉलवर रांगेत उभं राहण्याचा हक्कसुद्धा सोडतीने ठरतो.

आपल्या बीड जिल्ह्यात बॅटमॅनसाठी झुरणारे थोडेच असतील. पण हाच मनस्ताप टपालतिकिटं जमवणाऱ्याला नेमका ठाऊक असतो. त्याचा बॅटमॅन म्हणजे 'स्पेशल कव्हर', विशेष टपाल पाकीट.

हे पाकीट एकदा नीट बघावं. डाव्या बाजूला विषयाचं चित्र छापलेलं, उजव्या कोपऱ्यात तिकीट, आणि तिकिटावर अर्धा आत, अर्धा बाहेर बसलेला गोल किंवा चित्राच्या आकाराचा काळा शिक्का. जीव सगळा त्या शिक्क्यात. त्यावर गावाचं नाव, तारीख आणि छोटंसं रेखाचित्र असतं. शिक्का फिकट उठला, शाई पसरली किंवा तारखेचा एक आकडा तुटला, तर जाणकार संग्राहक पाकीट परत ठेवतो. एखादी संस्था टपाल खात्याकडे अर्ज करते, शुल्क भरते, मंजुरी मिळते आणि ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या ठिकाणी पाकीट प्रकाशित होतं. तो खास शिक्का सहसा त्या एकाच दिवशी मारला जातो. दुसऱ्या दिवशी त्याच खिडकीवर गेलं तर नेहमीचा शिक्का मिळतो.

प्रदर्शनात तर दर दिवसाचा शिक्का वेगळा. जानेवारी २०२५ मध्ये मुंबईत कफ परेडच्या वर्ल्ड ट्रेड सेंटरमध्ये 'महापेक्स' हे राज्य पातळीवरचं तिकीट प्रदर्शन चार दिवस भरलं होतं. अशा प्रदर्शनाचा पूर्ण संच हवा असेल तर चारही दिवस हजर राहावं लागतं. मुंबईच्या संग्राहकाला ते लोकलने जमतं. बीडहून मुंबई सुमारे चारशे किलोमीटर. रात्रीची एसटी, सकाळी दादर, दिवसभर रांग आणि मुक्कामाचा खर्च वेगळा. रेल्वेचं म्हणाल तर अहिल्यानगर-बीड-परळी मार्गाला १९९५ मध्ये मंजुरी मिळाली आणि अहिल्यानगरहून बीडपर्यंत प्रवासी गाडी आली ती १७ सप्टेंबर २०२५ रोजी, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी. तीस वर्षं या जिल्ह्याचं मुख्यालय रेल्वेची वाट पाहत होतं. इथल्या शाळामास्तरांनी, पोस्टमननी, दुकानदारांनी पत्रांवरची तिकिटं पाण्यात भिजवून, सोडवून, वहीत लावून जमवलेल्या संग्रहांत प्रदर्शनांची पानं कोरी दिसतात, त्यामागे हे कारण आहे.

विषय आपल्या अंगणातला असला तरी अडचण सुटत नाही. परळी तालुक्यातल्या नाथ्र्याचे दिवंगत भाजप नेते गोपीनाथ मुंडे यांच्या पुण्यतिथीला, ३ जून २०२१ रोजी, त्यांच्यावरचं विशेष टपाल पाकीट पक्षाचे तेव्हाचे अध्यक्ष जे. पी. नड्डा यांच्या हस्ते ऑनलाइन कार्यक्रमात प्रकाशित झालं. करोनाच्या दुसऱ्या लाटेचे निर्बंध होते, त्यामुळे दुसरा इलाज नव्हता. जिल्ह्यातल्या घराघरांत ते पडद्यावर दिसलं. हातात यायचं तर मात्र टपाल खात्याच्या फिलाटेलिक, म्हणजे तिकीटसंग्राहकांसाठीच्या, खिडकीपर्यंत पोचणं आलं. त्याच वर्षी खात्याने भौगोलिक मानांकन मिळालेल्या वस्तूंवर देशभर विशेष पाकिटांची मोठी मालिका काढली. पैठणी, आंबा, चहा, गालिचे असे विषय, गावं वेगवेगळी आणि तारखाही वेगवेगळ्या. ती पुरी करायची म्हणजे भारतभर ओळखीपाळखी हव्यात.

संग्राहकाचं दुःख पैशांचं असतं असा सर्वसाधारण समज आहे. तो अपुरा वाटतो. पाकिटाची मूळ किंमत किरकोळ असते. सलतं ते संचातलं भोक. अकरा पाकिटं असून बारावं नसेल, तर पाहुण्याला वही दाखवताना बोट त्या रिकाम्या जागेवरच जातं. आणि ते बारावं पाकीट दुर्मीळ झालेलं असतं ते केवळ त्या दिवशी तिथे हजर राहता आलं नाही म्हणून.

दुर्मीळपणाचेही प्रकार असतात. याच जिल्ह्यातल्या धारूरच्या किल्ल्याला मुघलांनी फतेहाबाद हे नाव दिलं, आणि तिथल्या टांकसाळीचं हे नाव असलेले मुघल रुपये नाणेसंग्राहक आजही शोधत असतात. त्यातले बरेच काळाच्या ओघात वितळले, हरवले, दागिन्यांत गेले. ते का मिळत नाहीत याबद्दल कोणाची तक्रार नाही. खेळण्यांचंही तसंच. भारतात ब्लो प्लास्ट कंपनीने 'लिओ' या नावाने मॅटेलच्या हॉट व्हील्स गाड्या आणि ही-मॅनच्या बाहुल्या बनवल्या होत्या. साध्या दुकानांत, मुलांसाठी. आज परदेशी संग्राहक त्या भारतीय नगांच्या मागे असतात. त्याही आपोआप दुर्मीळ झाल्या, कारण मुलांनी त्या मनसोक्त खेळून मोडल्या. यात कोणी कोणाला दाराबाहेर ठेवलेलं नव्हतं.

दाराबाहेर ठेवण्याचं टोकाचं उदाहरण आपल्या टपालाच्या इतिहासात आहे. १५ ऑगस्ट १९४८ रोजी स्वतंत्र भारताने गांधीजींची चार तिकिटं काढली. स्वित्झर्लंडच्या कुर्व्हासिए छापखान्यात छापलेली, दीड आण्यापासून दहा रुपयांपर्यंत. त्यांवर 'सर्व्हिस' असा ठसा मारून गव्हर्नर जनरलच्या कचेरीसाठी फक्त १०० संच वेगळे काढले गेले. त्यातल्या दहा रुपयांच्या चार तिकिटांची एक पट्टी २०१७ मध्ये ब्रिटनमध्ये पाच लाख पौंडांना विकली गेली. आणि त्या १५ ऑगस्टला बीड होतं निजामाच्या राज्यात. निजामाचं टपाल वेगळं, तिकिटं वेगळी. हैदराबाद संस्थान भारतात आलं १७ सप्टेंबरला, म्हणजे गांधीजींची पहिली तिकिटं निघाल्यावर महिनाभराने. पहिल्या दिवसाचा शिक्का हुकण्याची बीडची परंपरा अशी जुनी आहे.

तरीही प्रदर्शनाचा आनंद आणि दूरच्या माणसाचा हक्क एकत्र नांदू शकतात, आणि याचा पुरावा शंभर वर्षांहून जुना आहे. १८ फेब्रुवारी १९११ रोजी अलाहाबादच्या प्रदर्शनातून आंरी पेके या तरुण फ्रेंच वैमानिकाने यमुना ओलांडून नैनीपर्यंत सुमारे साडेसहा हजार पत्रं विमानातून नेली. जगातली ही पहिली अधिकृत हवाई टपाल फेरी. पत्रांवर खास या प्रसंगाचा शिक्का होता. प्रत्येक पत्रामागे सहा आण्यांचं जादा शुल्क होतं आणि ते पैसे तिथल्या एका विद्यार्थी वसतिगृहाला गेले. महत्त्वाची गोष्ट अशी की अलाहाबादला येऊ न शकणाऱ्यांना आपली पत्रं वसतिगृहाकडे आधी टपालाने पाठवता येत होती. शिक्का एकाच दिवसाचा, एकाच जागेचा, आणि तरी दाराबाहेर कोणी राहिलं नाही. शतक उलटल्यावर दिल्लीत 'इंडिपेक्स २०११' भरलं. तिथे १२ फेब्रुवारीला राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांच्या हस्ते खादीवर छापलेलं गांधीजींचं शंभर रुपयांचं तिकीट निघालं आणि स्वतःचा फोटो असलेलं 'माय स्टॅम्प' सुरू झालं. माय स्टॅम्प पुढे दिल्लीबाहेरही मिळू लागलं. एखादी गोष्ट प्रदर्शनात जन्मली म्हणून ती तिथेच संपली पाहिजे, असं कुठे आहे?

खासगी कंपनीला मर्यादित माल काढायचा असेल तर तो तिचा व्यवहार आहे, आणि त्याचे भोगही तिचेच. याच फंकोने २०२३ मध्ये तीन कोटी डॉलरहून अधिक किमतीचा पडून राहिलेला माल नष्ट करायचं जाहीर केलं होतं. टपाल खातं मात्र सगळ्यांचं आहे. दुर्गम वाडीवर पत्र पोचवणाऱ्या खात्याचं पाकीट त्या वाडीतल्या संग्राहकाला दलालाकडून विकत घ्यावं लागावं, हे पटण्यासारखं नाही. शिक्का एका दिवसाचाच ठेवावा, त्यातच त्याची गोडी आहे. पण शिक्का मारलेली पाकिटं पुढचा महिनाभर राज्यातल्या प्रत्येक मुख्य टपाल कचेरीतून मागणी नोंदवून मिळावीत, आणि पाकिटाची घोषणा किमान पंधरा दिवस आधी व्हावी. यासाठी नवी यंत्रणा उभारायला नको. टपालाच्या थैल्या रोज बीडला येतातच.

तोवर संग्राहकाने हाताशी आहे ते वापरावं. किमान २०० रुपये भरून फिलाटेलिक डिपॉझिट अकाउंट उघडता येतं. त्यातून नवी तिकिटं, पहिल्या दिवसाची पाकिटं आणि माहितीपत्रकं घरपोच येतात. विशेष पाकिटं टपाल खात्याचं प्रत्येक सर्कल, म्हणजे विभाग, आपापली काढतं, म्हणून त्यांच्यासाठी वेगळी वाट धरावी लागते. तारीख कळताच तिकीट लावलेलं, स्वतःचा पत्ता लिहिलेलं पाकीट आणि विनंतीची चिठ्ठी त्या गावच्या फिलाटेलिक ब्युरोला आधी पोचेल अशा बेताने पाठवावी. पत्ता पेन्सिलीने किंवा सुट्या चिठ्ठीवर लिहू नये आणि तिकिटाभोवती शिक्क्यापुरती मोकळी जागा ठेवावी. शाळांतल्या तिकीट मंडळांनी अशी दहा-वीस पाकिटं एकत्र पाठवली, तर खर्चही वाटला जाईल आणि मुलांच्या वहीत पहिलं खास पाकीट येईल.

पुढच्या भागात : हाली सिक्का, निजामाची नाणी आणि मराठवाड्यातल्या घरांत अजूनही निघणारे जुने डबे.