विंचूदंशावरील उपचार : अनुभव आणि पुरावा

तातडीच्या वैद्यकीय सेवेतील काही निर्णय रुग्णाच्या आप्तांना प्रथमदर्शनी अनाकलनीय वाटतात. विंचू चावल्याने तळमळणाऱ्या धडधाकट माणसाला आम्ही दंशाच्या जागी बधिरतेचे इंजेक्शन देऊन थांबवून ठेवतो. आणि फारसे न रडणाऱ्या, पण घामाने निथळणाऱ्या बालकाला तत्काळ आत घेतो. यात पक्षपात नाही. त्यामागील कारणे देणगीदारांस व रुग्णांच्या नातेवाइकांस ठाऊक असावीत, म्हणून हा लेखप्रपंच.

लोकांना धास्ती वाटते ती थोराड काळ्या इंगळीची. प्रत्यक्षात जिवावर बेततो तो कोकणात व पश्चिम महाराष्ट्रात आढळणारा लहानसा लाल विंचू. त्याच्या विषामुळे मज्जातंतूंतील सोडियमची द्वारे वेळेवर मिटत नाहीत आणि शरीरात उत्तेजक द्रव्यांचा पूर लोटतो. उलट्या, दरदरून घाम, हातपाय थंडगार पडणे ही पहिली चिन्हे. मग रक्तदाब चढतो, हृदय थकते आणि काही तासांतच फुप्फुसांत पाणी साचू शकते. दंशाच्या जागी असह्य वेदना असून अन्य कोणतेही लक्षण नसेल, तर तो दंश बहुधा निर्धोक ठरतो. थंड पडलेले तळवे मात्र आम्ही कधीही दुर्लक्षित नाहीत.

खरी अडचण निराळीच आहे. विंचूदंशाचे बहुसंख्य रुग्ण काहीही न करता बरे होतात. त्यामुळे ज्याने जे केले, त्याला त्याचे श्रेय मिळते. ‘विंचू उतरवणारा’ मांत्रिक शेकडो यशस्वी उदाहरणे सांगतो, आणि ती खोटी नसतात! पण याच भ्रमात एकेकाळी वैद्यकशास्त्रही होते. अॅट्रोपिन, स्टेरॉइड, गुंगीच्या औषधांची मिश्रणे असे सारे काही दिले जाई. त्यांपैकी अॅट्रोपिन तर आधीच धावणाऱ्या हृदयाला आणखी पळवणारे.

या परिस्थितीला वळण मिळाले ते महाडला. डॉ. हिंमतराव बावसकर यांनी तेथील ग्रामीण रुग्णांच्या उशाशी बसून लक्षणांचा क्रम नोंदवला व तो १९८२ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. विषाने आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल करणारे प्राझोसिन हे रक्तदाबावरील साधे औषध त्यांनी वापरात आणले. १९८४ पूर्वी पश्चिम भारतात फुप्फुसांत पाणी साचलेल्या रुग्णांपैकी २५ ते ३० टक्के दगावत. त्यानंतर हे प्रमाण १ टक्क्याच्या खाली आले. ही तुलना ‘पूर्वी आणि नंतर’ अशी आहे, हे मान्य केले पाहिजे. तरीही फरक एवढा मोठा, की आज हे औषध रोखून धरण्याचे धाडस कोणी करणार नाही.

प्रतिविष द्यावे की नाही, हा प्रश्न पुढे अनेक वर्षे रेंगाळला. १९९९ मध्ये ट्युनिशियातील ८२५ रुग्णांच्या चाचणीत, तीव्रता न पाहता सरसकट दिलेल्या प्रतिविषाचा लाभ दिसला नाही. पण तेथील विंचू वेगळ्या जातींचे. महाडमध्ये शरीरभर लक्षणे उमटलेल्या ७० रुग्णांचे यदृच्छेने दोन गट करण्यात आले. निष्कर्ष २०११ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आले. प्राझोसिनसोबत प्रतिविष मिळालेल्या ३५ पैकी ३२ जण दहा तासांत पूर्ण बरे झाले, नुसते प्राझोसिन मिळालेल्या ३५ पैकी ८. चाचणी लहान होती आणि कोणाला काय दिले हे डॉक्टरांना ठाऊक होते. म्हणून आम्ही तिचा अर्थ जपून घेतो: प्रतिविष द्यावे, पण लक्षणे उमटलेल्यांनाच, नुसत्या वेदनेसाठी नव्हे. ‘इंजेक्शन का देत नाही?’ या वारंवार होणाऱ्या विचारणेचे उत्तर हेच आहे.

प्राझोसिनची गोळी वजनाच्या दर किलोमागे ३० मायक्रोग्रॅम या प्रमाणात, हातपाय उबदार होईपर्यंत दर तीन तासांनी दिली जाते. पहिल्या मात्रेनंतर रक्तदाब एकाएकी उतरू शकतो. म्हणून रुग्णाला आडवेच ठेवावे लागते. रडणाऱ्या लेकराला मांडीवर घेऊ न देणाऱ्या परिचारिकेचा आईला राग येतो, तो आम्ही समजू शकतो. परंतु त्या वेळी मूल उचलणे खरोखरीच धोक्याचे असते. सलाइन भराभर चढवण्याचा आग्रहही त्याच जातीचा. थकलेल्या हृदयाला तो भार पेलत नाही.

गोळी स्वस्त आहे. खर्च होतो तो रात्रभर दर अर्ध्या तासाला नाडी व रक्तदाब पाहणाऱ्या माणसांवर, प्राणवायूवर, आणि वरकरणी बऱ्या दिसणाऱ्या बालकासाठी चोवीस तास राखून ठेवलेल्या खाटेवर. देणगीदारांच्या साहाय्याचा हा भाग छायाचित्रात दिसत नाही. नातेवाइकांस विनंती एवढीच की, दंशाची वेळ लक्षात ठेवावी, आधी दिलेल्या औषधाची चिठ्ठी सोबत आणावी आणि मुलाला घाम फुटला असेल, तर वाटेत कोठेही न थांबता थेट रुग्णालय गाठावे.