प्रोस्टेटच्या ऑपरेशननंतर रेडिएशन: लगेच, वाट पाहून, की नकोच?

प्रोस्टेटच्या कर्करोगावर ऑपरेशन झालं, ग्रंथी काढून टाकली, माणूस घरी आला. सगळ्यांना वाटतं, सुटलो. मग दोन-तीन आठवड्यांनी बायोप्सीचा अंतिम रिपोर्ट हातात येतो आणि डॉक्टर म्हणतात, "रेडिएशनचा विचार करावा लागेल." घरात पुन्हा चिंता सुरू होते. गाठ काढली ना, मग आता रेडिएशन कशाला? आणि घ्यायचंच असेल तर आज घ्यायचं की थांबायचं? या प्रश्नाचं उत्तर गेल्या काही वर्षांत बरंच बदललं आहे. म्हणूनच आज ते सावकाश समजून घेऊ.

रेडिएशनला आपल्याकडे कुणी 'शेक' म्हणतात, कुणी 'लाईट' म्हणतात. इंदूर-भोपाळकडची आपली मंडळी 'सिकाई' म्हणतात. नाव काहीही असो, उपचार तोच: शक्तिशाली क्ष-किरणांनी उरलेल्या कर्करोगाच्या पेशी मारणं. प्रोस्टेट काढल्यावर हे किरण ग्रंथी जिथे होती त्या रिकाम्या जागेवर, म्हणजे 'प्रोस्टेट बेड'वर दिले जातात. या जागेच्या वर मूत्राशय असतं आणि मागे गुदाशय असतं. एवढी रचना लक्षात ठेवली की रेडिएशनचे फायदे-तोटे आपोआप कळतात.

रिपोर्टमध्ये काय पाहायचं?

पहिली गोष्ट म्हणजे 'मार्जिन'. काढलेल्या ग्रंथीच्या कडेपर्यंत कर्करोगाच्या पेशी दिसल्या तर मार्जिन पॉझिटिव्ह म्हणतात. याचा अर्थ थोड्या पेशी आत राहिल्या असण्याची शक्यता आहे. राहिल्याच आहेत असं मात्र नाही. मार्जिन पॉझिटिव्ह असलेल्या अनेकांचा आजार पुढे कधीच उलटत नाही.

दुसरी गोष्ट 'स्टेज'. पीटी-२ म्हणजे आजार ग्रंथीतच होता. पीटी-३ए म्हणजे तो ग्रंथीच्या आवरणाबाहेर आला होता. पीटी-३बी म्हणजे शेजारच्या वीर्यकोशात पोचला होता.

तिसरी गोष्ट 'ग्लीसन स्कोअर', म्हणजे पेशी किती आक्रमक दिसतात त्याचा आकडा. ६ हा सौम्य, ७ मधला, ८ ते १० आक्रमक. सातातही ३+४ आणि ४+३ यांत फरक असतो. दुसरा प्रकार जास्त काळजीचा.

चौथी गोष्ट, लिम्फ नोड काढले असतील तर त्यांत आजार सापडला का.

या चारही गोष्टी कागदावरच्या आहेत. पाचवी गोष्ट रक्तातली आहे, आणि निर्णयात तिला मोठं वजन आहे. ती म्हणजे पीएसए.

पीएसए: प्रोस्टेट नाही, तर पीएसए कुठून?

पीएसए हे प्रथिन प्रोस्टेटच्या पेशी तयार करतात. ग्रंथीच काढली तर रक्तातला पीएसए हळूहळू जवळपास शून्यावर यायला हवा. त्यासाठी साधारण सहा ते आठ आठवडे लागतात. त्यानंतर केलेल्या तपासणीत तो ०.१ नॅनोग्रॅमच्या खाली असेल तर चांगली गोष्ट. ०.१ किंवा त्याहून जास्त राहिला तर त्याला 'पर्सिस्टंट पीएसए' म्हणतात. त्याचा विचार वेगळा होतो: स्कॅन करून आजार कुठे उरला आहे ते शोधलं जातं, आणि उपचारासाठी फार काळ थांबत नाहीत.

ऑपरेशनआधी ४ च्या खालचा पीएसए 'नॉर्मल' असं आपण ऐकलेलं असतं. लॅबच्या छापील कागदावरही तोच पल्ला लिहिलेला असतो. ऑपरेशननंतर तो पल्ला लागू होत नाही. १.२ हा आकडा पाहून घरातलं कुणी म्हणेल, "अरे, नॉर्मल आहे." तसं नाही. ग्रंथी नसलेल्या माणसात १.२ म्हणजे आजार परतला आहे किंवा उरला आहे. हा गैरसमज महागात पडतो.

सर्वसाधारणपणे पीएसए ०.२ पर्यंत चढला आणि दुसऱ्या तपासणीतही तसाच आला, तर 'आजार रक्तात परतला' असं मानतात. कधी एखादा आकडा ०.०३ किंवा ०.०५ येतो आणि वर्षानुवर्षं तिथेच राहतो. प्रोस्टेटचा थोडा निरोगी भाग मागे राहिला असला तरी असं होऊ शकतं. म्हणून एका आकड्यावर घाबरायचं नाही. चढ आहे का, आणि किती वेगाने आहे, हे पाहायचं.

जुना सल्ला आणि नवा सल्ला

पूर्वी काय होतं? अमेरिकेत ४२५ आणि युरोपात १००५ रुग्णांवर मोठे अभ्यास झाले. मार्जिन पॉझिटिव्ह किंवा पीटी-३ आजार असलेल्यांना काही महिन्यांतच रेडिएशन दिलं, तर पीएसए पुन्हा वाढण्याचं प्रमाण बरंच कमी झालं. अमेरिकेच्या अभ्यासात आयुष्यही वाढलेलं दिसलं, युरोपच्या अभ्यासात तसं दिसलं नाही. म्हणून अनेक ठिकाणी 'रिपोर्ट वाईट, म्हणजे रेडिएशन लगेच' हा सल्ला रुळला.

पण त्यात एक मेख होती. दुसऱ्या गटातल्या अनेकांना आजार परतल्यावरही रेडिएशन उशिरा मिळालं किंवा मिळालंच नाही. अमेरिकेच्या अभ्यासात त्या गटातल्या सुमारे एक तृतीयांश लोकांनाच पुढे रेडिएशन मिळालं. म्हणजे तुलना 'लगेच' विरुद्ध 'वेळेवर' अशी नव्हती, बरीचशी 'लगेच' विरुद्ध 'उशिरा किंवा कधीच नाही' अशी होती.

खरा प्रश्न वेगळा होता: पीएसएवर बारीक नजर ठेवली आणि तो चढू लागताच रेडिएशन दिलं, तर काही बिघडतं का? त्यासाठी तीन अभ्यास झाले. 'रॅडिकल्स' हा ब्रिटन, आयर्लंड, कॅनडा आणि डेन्मार्कमध्ये १३९६ रुग्णांवर, 'रेव्हज' ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमध्ये ३३३ जणांवर आणि 'गेटुग-१७' फ्रान्समध्ये ४२४ जणांवर. तिन्ही २०२० साली प्रसिद्ध झाले, आणि तिन्ही एकत्र करून २१५३ रुग्णांचा हिशोबही मांडला गेला.

निष्कर्ष काय आला? 'रॅडिकल्स'मध्ये पाच वर्षांनंतर आजार न परतलेले लोक लगेच रेडिएशन घेतलेल्या गटात ८५ टक्के होते आणि वाट पाहणाऱ्या गटात ८८ टक्के. म्हणजे लगेच घेण्याचा फायदा दिसला नाही. वाट पाहणाऱ्या गटातल्या ६९९ लोकांपैकी तोवर फक्त ३३ टक्क्यांना रेडिएशन लागलं. बाकी दोन तृतीयांश लोक तोवर त्याच्या त्रासातून वाचले. लगेच घेणाऱ्यांमध्ये पहिल्या वर्षी लघवीवरचा ताबा कमी होता, आणि मूत्रमार्ग आकुंचन पावण्याचा गंभीर त्रास पहिल्या दोन वर्षांत ६ टक्क्यांना झाला. दुसऱ्या गटात तो ४ टक्क्यांना झाला.

दहा वर्षांचे आकडे २०२४ मध्ये आले. शरीरात दूरवर आजार न पसरलेले लोक एका गटात ९३ टक्के, दुसऱ्यात ९० टक्के. हा फरक योगायोगाने येऊ शकेल इतका छोटा मानला गेला. जिवंत राहण्यात तर फरक जवळपास नव्हता.

म्हणून आज बहुतेक रुग्णांसाठी सल्ला असा: पीएसए शून्याजवळ असेल तर थांबा, तपासत राहा, आणि चढू लागला की लवकर रेडिएशन घ्या.

मग थांबू नये असं कुणी?

आहेत काही. या तीन अभ्यासांत फार आक्रमक आजाराचे रुग्ण कमी होते. ग्लीसन ८ ते १० आणि सोबत पीटी-३ किंवा त्याहून पुढची स्टेज, किंवा लिम्फ नोडमध्ये आजार, अशा लोकांच्या जुन्या नोंदी पाहता लवकर रेडिएशन घेणाऱ्यांमध्ये मृत्यू कमी दिसले आहेत. हा पुरावा चिठ्ठ्या टाकून गट पाडलेल्या अभ्यासाइतका भक्कम नाही, पण डावलण्यासारखाही नाही. तुमच्या रिपोर्टमध्ये यातलं काही असेल तर 'सगळे थांबतात म्हणून मीही थांबतो' असं करू नका. डॉक्टरांना थेट विचारा.

आणि दुसऱ्या टोकालाही लोक आहेत. वय ८०, हृदयाचा आजार, पीएसए दोन वर्षांत ०.१ वरून ०.२ वर. अशा माणसाला रेडिएशन न घेता नुसतं तपासत राहणंही शहाणपणाचं ठरू शकतं. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयाच्या १९९९ च्या प्रसिद्ध अभ्यासात, पीएसए वाढू लागल्यावर ज्यांना आजार दूरवर पसरला, त्यांच्यात त्याला साधारण आठ वर्षं लागली होती. पीएसए दुप्पट व्हायला वर्षाहून जास्त लागत असेल आणि ग्लीसन सौम्य असेल तर धोका कमी धरतात. सहा महिन्यांत दुप्पट होत असेल तर गोष्ट वेगळी.

थांबणं म्हणजे विसरणं नाही

आजच्या सगळ्या बोलण्यातला माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा हा आहे. त्या अभ्यासांत थांबलेले लोक घरी निवांत बसलेले नव्हते. ठरल्या तारखेला त्यांची रक्ततपासणी होत होती आणि कुणीतरी आकडा पाहत होतं. थांबण्याचा सल्ला त्या शिस्तीसकट घ्यायचा असतो.

आपल्याकडे काय होतं? ऑपरेशन मुंबईला झालं, आजोबा चार महिने बडोद्याला मुलाकडे, मग हैदराबादला मुलीकडे, मग गावी. प्रत्येक ठिकाणी वेगळी लॅब, किंवा तपासणीच नाही. वर्ष-दीड वर्षाने कुणाला आठवण होते, तेव्हा पीएसए १.८. रेडिएशन तेव्हाही देता येतं, पण पीएसए जितका कमी असताना द्याल तितकं यश जास्त. ०.२ च्या आसपास सुरू करणं आणि १ च्या पुढे सुरू करणं यांत मोठा फरक पडतो.

म्हणून तीन गोष्टी करा. पहिली, पहिली दोन-तीन वर्षं साधारण दर तीन ते सहा महिन्यांनी, आणि नंतर डॉक्टर सांगतील तशी पीएसए तपासणी. दुसरी, शक्यतो एकाच लॅबमध्ये तपासा, कारण यंत्र बदललं की छोट्या आकड्यात फरक पडतो. गावोगावी शाखा असलेली लॅब निवडली तर सोपं. तिसरी, एका वहीत तारीख आणि आकडा लिहा आणि वही माणसासोबत प्रवास करू द्या. हे पाळता येणार नाही असं प्रामाणिकपणे वाटत असेल तर तेही डॉक्टरांना सांगा. निर्णयात तेही मोजायला हवं.

रेडिएशन लागलंच तर

उपचार आठवड्यातून पाच दिवस, साधारण साडेसहा-सात आठवडे चालतो. काही केंद्रांत तो २० ते २५ वेळांत पूर्ण करतात. दूरगावाहून येऊन शहरात राहणाऱ्यांनी हा पर्याय आपल्याला चालेल का, हे जरूर विचारावं. प्रत्येक वेळी काही मिनिटंच लागतात, दुखत नाही, आणि माणूस किरणोत्सर्गी होत नाही. नातवंडांना मांडीवर घ्यायला हरकत नाही.

त्रास मात्र असतो. उपचार चालू असताना वारंवार लघवी, जळजळ, पातळ शौच, थकवा. हे बहुधा काही आठवड्यांत ओसरतं. काहींना महिन्या-वर्षांनी लघवीतून किंवा शौचातून रक्त जाणं, लघवीवरचा ताबा ढिला होणं, लैंगिक क्षमता आणखी कमी होणं असं होतं. म्हणूनच ऑपरेशननंतर लघवीवर ताबा परत यायला थोडा वेळ मिळाला तर तो मोलाचा असतो.

पीएसए चढू लागल्यावर काही जणांचा 'पीएसएमए पेट' स्कॅन करतात. स्कॅन चांगला आहे, पण पीएसए ०.२-०.३ असताना त्यात अनेकदा काहीच दिसत नाही. काही दिसलं नाही म्हणजे आजार नाही असं नसतं. स्कॅन स्वच्छ आला म्हणून रेडिएशन पुढे ढकलत राहू नये.

सोबत हार्मोनचं औषध लागेल का? अमेरिकेच्या ७६० रुग्णांच्या अभ्यासात दोन वर्षं गोळी घेतलेल्यांपैकी बारा वर्षांनंतर ७६ टक्के हयात होते, न घेतलेल्यांपैकी ७१ टक्के. पण हा फायदा प्रामुख्याने पीएसए जास्त असलेल्यांना झाला, आणि गोळीने अनेकांची छाती वाढली. पीएसए अगदी कमी असेल तर 'मला खरंच गरज आहे का?' हे विचारायचा तुम्हाला अधिकार आहे.

खर्चाबद्दल एक गोष्ट. २०२४ पासून ७० वर्षांवरच्या सर्वांना, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान भारत योजनेत वर्षाला पाच लाखांपर्यंतचं संरक्षण आहे. तुमच्या राज्यात आणि तुमच्या रुग्णालयात ती लागू आहे का, हे उपचार सुरू होण्याआधीच चौकशी करून घ्या.

निर्णय कुणाचा?

आपल्या घरांत बऱ्याचदा मुलगा आणि डॉक्टर दाराबाहेर बोलतात, आणि वडिलांना "थोडा शेक द्यायचाय" एवढंच कळतं. पण कपड्यात लघवी होण्याचा त्रास वडिलांना सोसायचा आहे, आणि सहजीवनातला बदल आई-वडिलांना मिळून सोसायचा आहे. कुणाला वाटेल, 'थोडा त्रास चालेल, पण डोक्यावर टांगती तलवार नको.' कुणाला वाटेल, 'गरज पडेल तेव्हा बघू, आज मला मोकळं फिरू दे.' दोन्ही म्हणणी खरी आहेत. म्हणून प्रश्न त्यांनाच विचारायला हवा, आणि लाज न बाळगता.

डॉक्टरांकडे जाताना एका कागदावर हे लिहून न्या: माझं मार्जिन, स्टेज, ग्लीसन काय? ऑपरेशननंतरचा माझा पीएसए किती, आणि चढ असेल तर किती महिन्यांत दुप्पट? मी थांबलो तर कोणत्या आकड्याला आपण रेडिएशन सुरू करू? हार्मोन लागेल का, किती महिने? ऑपरेशन करणारे डॉक्टर आणि रेडिएशनचे डॉक्टर, दोघांनाही हेच प्रश्न विचारा. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर आकड्यात मिळवा आणि वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. तो आकडा ठरलेला असला की थांबणंही सुरक्षित होतं आणि रात्रीची झोपही लागते.

काळजी घ्या, तपासणीची तारीख चुकवू नका.