फिरत्या घनावर किडीची ओळख : शेतकरी मेळाव्यासाठी चित्रप्रदर्शनाची एक सोपी पद्धत

शेतकरी मेळाव्यात किंवा शेतीशाळेत पडद्यावर छायाचित्रे दाखविण्याचा प्रघात आता सर्वत्र रूढ झाला आहे. तथापि एकामागून एक चित्रे सरकत गेली की, कोणते चित्र कशाचे होते याचा प्रेक्षकांच्या मनात घोटाळा होतो. अळीचे डोके एका चित्रात, शेपटाकडील भाग दुसऱ्यात आणि पानावरील नुकसान तिसऱ्यात पाहिल्यावर ही तिन्ही लक्षणे एकाच किडीची आहेत हे ध्यानात राहतेच असे नाही. ओळख चुकली की उपाय चुकतो आणि फवारणीचा खर्च वाया जातो. यास्तव एकाच विषयाची चार चित्रे एका फिरत्या घनाच्या चार बाजूंवर दाखविण्याची पद्धत उपयोगी पडते. तिला वेगळे यंत्र लागत नाही. नेहमीचा संगणक, प्रक्षेपक आणि चित्रप्रदर्शनाची आज्ञावली एवढे साहित्य पुरेसे आहे.

चित्रांना गती देऊन विषय समजाविण्याची कल्पना महाराष्ट्राला नवी नाही. कल्याणचे महादेव गोपाळ पटवर्धन यांनी १८९२ साली ‘शांबरिक खरोलिका’ या नावाने काचेवर रंगविलेल्या चित्रांचे खेळ सुरू केले. त्यांतील काही काचचित्रे पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात जतन केलेली आहेत. दादासाहेब फाळके यांनी १९१२ साली कुंडीतील वाटाण्याच्या रोपाची ठरावीक अंतराने चित्रे घेऊन ‘अंकुराची वाढ’ हा लघुपट केला. बियाण्यापासून वेलापर्यंतची वाढ लोकांनी पडद्यावर काही क्षणांत पाहिली. फिरता घन हे त्याच मार्गावरील एक लहानसे साधन होय.

घन फिरतो कसा?

घनाला सहा बाजू असतात. तो उभ्या आसाभोवती फिरविला, तर वरची व खालची बाजू सोडून उरलेल्या चार बाजू क्रमाने समोर येतात. प्रत्येक वेळी घन ९० अंशांतून वळतो. चार वळणे झाली की ३६० अंशांचा फेरा पूर्ण होऊन पहिले चित्र पुन्हा समोर येते.

समोरून पाहणाऱ्यास एका वेळी जास्तीत जास्त दोनच उभ्या बाजू दिसतात. समोरची बाजू १०० एकक रुंद मानली, तर घन ३० अंश वळल्यावर ती सुमारे ८७ एकक रुंद दिसते आणि नवी बाजू ५० एकक दिसते. ४५ अंशांवर दोन्ही बाजू प्रत्येकी सुमारे ७१ एकक दिसतात, म्हणजे एकूण रुंदी १४१ एकक होते. घन पडद्याबाहेर जाऊ नये म्हणून वळताना तो किंचित मागे सरकल्यासारखा लहान केला जातो. शिवाय पाहणाऱ्याजवळची कड मोठी व दूरची कड लहान काढली जाते. त्यामुळे सपाट पडद्यावरही घनवस्तू फिरत असल्याचा भास होतो.

चित्रांची निवड

उदाहरणादाखल मक्यावरील लष्करी अळी घेऊ. मूळची अमेरिका खंडातील ही कीड भारतात प्रथम मे २०१८ मध्ये कर्नाटकातील शिवमोग्गा जिल्ह्यात आढळली आणि त्याच वर्षी महाराष्ट्रातही पोहोचली. खोडकिडा किंवा इतर अळ्या यांच्याशी तिची गल्लत होते. म्हणून घनाच्या चार बाजूंवर पुढील चित्रे घ्यावीत.

पहिली बाजू : पानावरील अंडीपुंज. त्यावर करड्या केसांचे आवरण असते.

दुसरी बाजू : अळीचे डोके. त्यावर इंग्रजी ‘वाय’ अक्षर उलटे ठेवल्यासारखी फिकट खूण असते.

तिसरी बाजू : अळीचा शेपटाकडील भाग. शेवटून दुसऱ्या वलयावर चौकोनाच्या चार कोपऱ्यांत असावेत तसे चार काळे ठिपके दिसतात.

चौथी बाजू : मक्याचा पोंगा. पानांना पडलेली छिद्रे आणि पोंग्यात साचलेली भुशासारखी ओलसर विष्ठा स्पष्ट दिसावी.

चारही चित्रे शक्यतो आपल्याच भागातील शेतात घेतलेली असावीत. सकाळच्या सौम्य उजेडात, जवळून व स्थिर हाताने घेतलेले चित्र चांगले उठते. प्रत्येक चित्राखाली तीन-चार शब्दांचीच ओळ मोठ्या अक्षरांत लिहावी. मागच्या रांगेतील वृद्ध शेतकऱ्यासही ती वाचता आली पाहिजे.

प्रत्यक्ष कृती

पॉवरपॉइंटच्या २०१० व त्यानंतरच्या आवृत्त्यांत ही सोय आहे. कृतीचा क्रम असा ठेवावा :

१. ‘डिझाइन’ या विभागातील ‘स्लाइड साइझ’ मध्ये जाऊन रुंदी व उंची सारखी करावी. उदाहरणार्थ, दोन्ही १९.०५ सेंटिमीटर. नेहमीची स्लाइड आडवी असल्याने तिच्यापासून खरा घन होत नाही, आडवी पेटी होते. चौरस स्लाइडमुळे पडद्याच्या दोन्ही बाजूंस काळे पट्टे राहतात. त्याने काही बिघडत नाही.

२. चारही चित्रे चौरस कापून घ्यावीत. मोठी चित्रे तशीच घातल्यास जुना संगणक अडखळतो. रुंदीला व उंचीला १०८० बिंदूंचे चित्र साधारण प्रक्षेपकास पुरते.

३. प्रत्येक स्लाइडवर एक चित्र कडेपर्यंत बसवावे. मोकळी जागा राहिल्यास घनाची बाजू फाटल्यासारखी दिसते.

४. ‘ट्रान्झिशन्स’ विभागात ‘क्यूब’ निवडावे. ‘इफेक्ट ऑप्शन्स’ मध्ये ‘फ्रॉम राइट’ ठेवावे. सर्व स्लाइडना एकच दिशा द्यावी. दिशा बदलली की घन उलटा-सुलटा फिरू लागतो आणि फेरा तुटतो.

५. ‘ड्युरेशन’ २ सेकंद ठेवावे. ‘आफ्टर’ समोर खूण करून ८ सेकंद लिहावेत आणि ‘अप्लाय टु ऑल’ दाबावे. असे केल्यास पूर्ण फेऱ्यास सुमारे ४० सेकंद लागतात.

६. ‘स्लाइड शो’ विभागातील ‘सेट अप स्लाइड शो’ मध्ये अखंड फेऱ्याची खूण करावी. ‘एस्केप’ कळ दाबेपर्यंत घन फिरत राहील.

‘क्यूब’ ऐवजी चुकून ‘बॉक्स’ निवडल्यास आपण घनाच्या आत उभे असल्यासारखे दिसते. ते येथे उपयोगाचे नाही. लिब्रेऑफिस इम्प्रेस या विनामूल्य आज्ञावलीतही घनाचे स्थित्यंतर असून त्यात बाहेरून दिसणारा प्रकार घ्यावा.

भ्रमणध्वनीवर पाठविण्यासाठी याचीच चित्रफीत करता येते. मात्र चित्रफितीत अखंड फेरा येत नाही. म्हणून पहिल्या स्लाइडची प्रत शेवटी पाचवी म्हणून जोडावी, म्हणजे फेरा पूर्ण होऊन थांबेल.

काही पथ्ये

व्याख्यान चालू असताना घन आपोआप फिरवू नये. त्या वेळी ‘आफ्टर’ ची खूण काढून कळ दाबून एकेक बाजू आणावी आणि तिच्याविषयी बोलून झाल्यावरच पुढे जावे. आपोआप फिरणारा घन प्रदर्शनातील दालनात किंवा सभा सुरू होण्यापूर्वी लावावा.

निरोगी व रोगट पानाची तुलना करावयाची असल्यास घन वापरू नये. तुलनेसाठी दोन्ही चित्रे एकाच वेळी शेजारी शेजारी दिसणे आवश्यक असते. घनावर एक बाजू आली की दुसरी दडते. एका विषयास एकच घन असावा. दोन किडींची चित्रे एका घनावर मिसळल्यास जो घोटाळा टाळावयाचा तोच वाढतो.

घन कितीही चांगला फिरला तरी तो शेताची जागा घेऊ शकत नाही. चित्रे दाखवून झाल्यावर शेतकरी बंधू-भगिनींना जवळच्या मक्याच्या शेतात न्यावे, पोंगा उघडून अळी शोधावयास सांगावे आणि चारही खुणा त्यांच्याकडूनच वदवून घ्याव्यात. अंडीपुंज हाताने वेचून नष्ट करणे आणि सुरुवातीसच ५ टक्के निंबोळी अर्काची फवारणी करणे हे कमी खर्चाचे उपाय वेळीच योजले तर उपयोगी पडतात. ती वेळ साधावयाची तर कीड प्रथमदर्शनीच ओळखता आली पाहिजे. पडद्यावर पाहिलेली खूण शेतात ओळखू आली, तरच हा सारा खटाटोप सार्थकी लागला असे समजावे.