कुत्र्याला आपलं बोलणं कळतं का?

कोल्हापुरात गल्लीतल्या कुत्र्याला 'यू यू' म्हटलं की ते शेपटी हलवत येतं आणि 'हाड' म्हटलं की बाजूला होतं. मग त्याला हे शब्द कळतात, की आपला चढलेला आवाज आणि दगडासाठी वाकलेला हात?

हातवारे तर त्याला नक्कीच कळतात. कोलकात्याच्या 'आयसर' संस्थेतील संशोधकांनी भटक्या कुत्र्यांपुढे दोन झाकलेली भांडी ठेवली आणि एकाकडे बोट दाखवलं. 2020 साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात निम्मी कुत्री जवळच आली नाहीत. मात्र जी आली, त्यांतली सुमारे 80 टक्के बरोबर त्याच भांड्याकडे गेली. त्यांना हे कुणी शिकवलेलं नव्हतं.

आता शब्दांकडे वळू. जर्मनीतल्या 'रिको' नावाच्या कुत्र्याला दोनशेहून अधिक वस्तूंची नावं येत होती. 2004 सालच्या चाचणीत वस्तू दुसऱ्या खोलीत ठेवल्या होत्या. तिथं मालकाची नजर किंवा हात दिसत नव्हता. तरीही रिको सांगितलेली वस्तू आणायचा.

हंगेरीतल्या बुडापेस्टमध्ये 2016 साली 13 कुत्र्यांच्या मेंदूचं एमआरआय यंत्रानं निरीक्षण झालं. कुत्र्याचा मेंदू शब्द आणि स्वर वेगवेगळे तपासतो, असं त्यात दिसलं. कौतुकाचा शब्द कौतुकाच्याच स्वरात आला, तेव्हाच मेंदूतलं आनंदाचं केंद्र जागं झालं. तिथल्याच 2024 सालच्या प्रयोगात मालकानं एका खेळण्याचं नाव घेऊन दुसरंच दाखवलं, तेव्हा मेंदूच्या लहरी बदलल्या. म्हणजे नाव ऐकताच ती वस्तू मनात येत असावी.

पण याचा अर्थ कुत्र्याला आपलं सगळंच कळतं, असा नाही. घरात आजी 'खाली बस' म्हणते, वडील 'बैस' आणि मुलगा 'सिट'. कुत्र्याच्या लेखी हे तीन निरनिराळे शब्द असतात. मग 'ऐकत नाही' म्हणून बिचारं मार खातं.

'चूक कळते, म्हणून तर मान खाली घालतो,' असंही आपण म्हणतो. अमेरिकेतल्या अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी 2009 साली दाखवून दिलं, की काही न करताही रागावलं तर कुत्रा तसाच ओशाळा चेहरा करतो. तो चेहरा आपल्या रागाला दिलेलं उत्तर असतो, गुन्ह्याची कबुली नव्हे.

म्हणून घरातल्या सगळ्यांनी एका कामासाठी एकच शब्द ठरवावा आणि स्वरही त्याला साजेसा ठेवावा. सकाळी फाडलेल्या चपलेसाठी संध्याकाळी मारू नये. त्यातून कुत्रा फक्त आपल्याला घाबरायला शिकतो.