खेळाडू गोंदियाचा, मैदान कोठले?

आंतरविद्यापीठ बास्केटबॉल स्पर्धेसाठी आपला मुलगा अथवा मुलगी एवढ्या दूरच्या शहरी का गेली, असा प्रश्न पालकांना पडणे स्वाभाविक आहे. स्थाननिश्चितीची ही पद्धत समजून घेतल्यास खेळाडूची वाटचालही ध्यानात येते.

१ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा झालेला गोंदिया जिल्हा राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाच्या क्षेत्रात मोडतो. नागपूर, वर्धा आणि भंडारा हे या क्षेत्रातील अन्य जिल्हे होत. आंतरमहाविद्यालयीन सामन्यांतील खेळ पाहून विद्यापीठाचा संघ निवडण्यात येतो. त्यापुढे महाविद्यालय नव्हे, तर विद्यापीठ खेळते.

पुढील व्यवस्था १९२५ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय विद्यापीठ संघाकडे असते. प्रवास व खर्च आटोक्यात राहावा म्हणून देशाचे उत्तर, दक्षिण, पूर्व व पश्चिम असे विभाग पाडण्यात आले आहेत. महाराष्ट्र पश्चिम विभागात असून गुजरात, राजस्थान, मध्य प्रदेश व गोवा ही राज्येही त्यातच येतात. विभागातील एखाद्या विद्यापीठाकडे यजमानपद सोपविले जाते व सर्व संघ तेथे एकत्र येतात. त्यामुळे गोंदियाच्या खेळाडूला राजस्थानात जावे लागणे शक्य असते. परंतु सीमेला लागून असलेल्या छत्तीसगडमधील विद्यापीठांशी प्रारंभी गाठ पडत नाही, कारण ती पूर्व विभागात आहेत.

यजमान ठरल्यावर सामन्यांची जुळणी होते. बलवान संघ आरंभीच परस्परांवर आदळू नयेत म्हणून मागील स्पर्धेतील अग्रेसर संघांना तक्त्याच्या वेगवेगळ्या भागांत ठेवतात. उर्वरित संघांच्या चिठ्ठ्या काढल्या जातात. बाद पद्धतीत अकरा संघ असल्यास पाच संघांना पहिल्या फेरीत पुढे चाल मिळते. उरलेल्या सहांतून तीन विजेते निघतात आणि आठ संघांची पुढील फेरी सुरू होते. प्रत्येक विभागातील पहिले चार संघ अखिल भारतीय स्पर्धेस पात्र ठरतात.

तथापि, या साऱ्या व्यवस्थेचे पहिले दार महाविद्यालयातच आहे. अर्जुनी मोरगाव किंवा देवरीच्या विद्यार्थिनीला निवडीच्या सामन्यांपर्यंत पोहोचताच आले नाही, तर पुढील विभागवार रचना तिच्या दृष्टीने निरर्थक ठरते. प्रवेशिका वेळेवर पाठविणे, प्रवासाची व सोबतीची सोय करणे आणि गावात २८ मीटर लांब व १५ मीटर रुंद असे एखादे सपाट मैदान राखणे, ही कामे शिक्षक व पंचायत सदस्यांच्या हातची आहेत.